हृदयाबाबत खुलासा

बसा, सफरचंदं तिथे ठेवा, पण आधी मला सांगा, उजव्या बाजूला लिहिलंय 'लेफ्ट', तर माणसानं काय करायचं? दुरुस्त करायचं ना? मी केलं! आणि आज मी या खाटेवर, हॉस्पिटलचा हा मागून उघडा राहणारा झगा घालून, आणि तुम्ही सगळं मंडळ मला भेटायला... तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं दिल्लीत बातमीदारी केली, मंत्र्यांना घाम फोडला, पण एकदाही खुलासा छापावा लागला नाही मला.

झालं असं, जिना चढताना धाप लागायला लागली. आमच्या मुलानं, जयदीपनं, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तिशीतला, गोड बोलणारा. "अंकल, लेफ्ट साइड का वॉल्व लीक कर रहा है, रिपेअर करना पड़ेगा." मी विचारलं, सोर्स कोण? म्हणाला, "इको टेस्ट." एकच सोर्स? एका सोर्सवर मी पाणीकपातीची बातमी देत नाही, आणि हे छाती उघडणार? आलो उठून! त्यानंतर आठ दिवस सुमित्रा, म्हणजे आमची सौ., माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

जयदीपची अवनी सातवीत, गुरुग्रामच्या शाळेत. तिनं प्रदर्शनासाठी हृदयाचं मॉडेल केलं, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या नळ्या, लाल-निळं पाणी. हृदयच का, ते मला कळत होतं. मी पेपरमागून ऐकत होतो.

"आजोबा, देखो ना, सगळ्या बॉडीतून वापस आलेलं निळं ब्लड इथे राइटला येतं. राइटवाला त्याला लंग्जमध्ये ढकलतो, तिथे ऑक्सिजन घेऊन ते लाल होऊन लेफ्टला येतं, आणि लेफ्टवाला एकदम जोरात... डोक्यापासून पायापर्यंत! एका मिनिटात पूर्ण चक्कर."

एका मिनिटात? दिल्लीत? मला तर सिग्नलच तीन मिनिटं थांबवतो.

"आणि वॉल्व म्हणजे वन-वे गेट. तुमचं नीट बंद होत नाही, थोडं ब्लड उलटं जातं."

म्हणजे तुमच्या गुरुग्रामात राँग साइडनं गाड्या घालतात तसं?

"बिल्कुल. म्हणून धाप लागते."

इथवर ठीक. पण सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी मॉडेल तपासायला घेतलं. सवय हो, दुसऱ्यानं लिहिलेली कॉपी समोर आली की माझा हात आपोआप चालतो. बघतो तर काय, माझ्या उजव्या हाताला 'लेफ्ट', डाव्या हाताला 'राइट'! वाटलं, पोरीची घाईतली चूक. लेबलं सोडवली, अदलाबदल केली, वरून टेप मारला. नातीची लाज राखली म्हणून दोन चहा जास्त प्यायलो. चाळीस वर्षांत एकदाही खुलासा छापावा लागला नाही, तो असा तपासूनच!

दुपारी ती आली. रडली असती तर परवडलं असतं. टीचर म्हणाल्या म्हणे, "बेटा, इस हिसाब से तो पूरी बॉडी में गंदा ब्लड जा रहा है, पेशंट बचेगा कैसे?" अख्खा वर्ग हसला. मी म्हटलं, टीचरचा सोर्स काय?

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी नाकाला नाक. माझा डावा हात उचलून माझ्याच छातीवर ठेवला. "हा तुमचा लेफ्ट. मला कुठल्या बाजूला दिसतो?"

तिच्या उजव्या.

"मॉडेलमधलं हार्ट कुणाचं तरी असतं, आजोबा. तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो." मग माझा हात तसाच दाबून धरत, "मी तुमचं बनवलं होतं."

यावर काय उलटतपासणी घेणार, सांगा? तिचा हात माझ्या हातावर, खाली ते ठोके, मधेच एखादा घसरणारा... झाला की नाही दुसरा सोर्स?

सॉरी म्हटलं. चालेना. "लिहून द्या, पेपरमध्ये चूक झाली की छापतात तसं. उद्या सगळे पेरेंट्स येणारेत, मॉडेलला लावीन." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो... 'या मॉडेलवरच्या डाव्या-उजव्या बाजू मी चुकवल्या. अवनीचं बरोबर होतं.' टोपण लावणार, तोच म्हणाली, "रुको. लिहा, डॉक्टरांचंही बरोबर होतं. आजोबा सोमवारी अ‍ॅडमिट होतील."

मी म्हटलं, हा भाग मूळ बातमीशी संबंधित नाही.

स्वयंपाकघरातून सुमित्रा म्हणाली, "आहे."

आठ दिवसांतला भाजीखेरीजचा तिचा पहिला शब्द! केली सही. शंभर पालकांनी वाचलं, आता छापलेला शब्द मागे घेतो का मी? चाळीस वर्षांत एक खुलासा, तोही स्वतःच्या काळजाबद्दल...

आली वाटतं स्ट्रेचर. चला. सिस्टर, हे पेन तेवढं अवनीकडे द्या. आत कुठे लेबल दिसलं तर माझा हात राहायचा नाही.