उषाबाईंनी थारला दिलेला घास

सन्माननीय अध्यक्ष सुकदेवअण्णा, व्यासपीठावरचे पाहुणे, बमरोलीच्या आपल्या यात्रा मंडळाचे सभासद, आणि मागे दारात उभ्या असलेल्या माता-भगिनींनो... अहो, पुढे या, खुर्च्या रिकाम्याच आहेत!

आपली बस दरवर्षी केदारनाथला जाते ती उषाबाईंच्या हातच्या जेवणावर. दर्शन चुकलेला माणूस मी पाहिलाय, बाईंची पंगत चुकवणारा नाही. पण बाई आता यात्रेला येणार नाहीत. गुडघ्यांमुळे, असं पत्रिकेत छापलंय. खोटं कशाला बोलू? गुडघे ठणठणीत आहेत.

बाईंचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. पहिली भाकरी गाईची. केदारनाथजवळच्या चोपत्याच्या जंगलात, वळणावर पंगतीला बस थांबली की गाय कुठून आणणार? एका वर्षी तिथल्या कड्यावर थार दिसला. कान गाढवाचे, शिंगं बकरीची, मानेवर आयाळ. एकटं राहणारं, माणसाची चाहूल लागताच झाडीत गडप होणारं दुर्मीळ जनावर. बाईंनी मीठ लावून भाकरी खडकावर ठेवली. पुढल्या वर्षी तो जरा खाली आला. मग आपण काय मागे राहतो? उरलेला भात, पुऱ्या, सगळं तिथंच! आपलं पाहून दुसऱ्या बसही थांबू लागल्या.

यंदा खडकापाशी नुसती कुत्री होती. वनरक्षक म्हणाला, "अन्नाच्या वासानं ही वर चढली. थार कड्यावर असता तर यांतल्या एकाही कुत्र्याला सापडला नसता. तो खाली येऊन बसची वाट बघत होता."

फार वाईट वाटलं हो! आपले लोटूभाऊ बाईंना समजवायला गेले, "जनावरच ते. तुम्ही तर पुण्यासाठीच केलं ना?"

बाई म्हणाल्या, "घास मीच दिना रे भाऊ, नि जीवबी मीच लिधा."

एकट्या बाईंनी नाही. पण त्या ऐकतात कुठे!

आज सत्काराची शाल घ्यायलाही त्या तयार नव्हत्या. एकच अट घातली: त्या वळणावर मंडळाची बस पुन्हा थांबणार नाही. तिथल्या कड्याचे फोटो हुकतील म्हणून काही जण कुरकुरले. तर आता सांगा, कबूल आहे? हात वर करा. लोटूभाऊ, तुमचाही. अण्णा?... झालं. बाई, आता तरी शाल घ्या.

आपण सगळे आलात, मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर तुम्ही पोटात घालालच. ज्याची खरी माफी मागायची, तो मात्र आपल्या भाकरीपायी माणसाला भ्यायचं विसरून गेला.