बुजगावण्याचा गॉगल

भोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात समीना औषधाचे थेंब घालून डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं तेवढं कानावर येत होतं.

"लई दुखतंय का?"

"न्हाई. नुसतं खुपतंय."

"गवत कापायच्या मशीननं खडा उडून डोळ्यात गेला, अन् म्हणं नुसतं खुपतंय! नातीनं गॉगल कशापाई आणला व्हता?"

"अगं, गॉगल लावून गवत कापलं तर अख्खं उत्रोली गाव हसंल. नवरदेव हाय का मी?"

"मग कुठं गेला त्यो?"

"हाय की, परसात."

"परसात कुठं?"

"बुजगावण्याला लावलाय. पाखरं लई भितात."

"अगं बया! तुमचा सदरा त्याला, तुमचं मुंडासं त्याला, आता गॉगलबी त्याला! मग गवतबी त्यालाच कापू द्यायचं व्हतं."

समीनाला हसू आवरेना. डोळ्यांतलं औषध गालांवर ओघळलं.

"हैबती कोंढाळकर, आत या," नर्सनं हाक मारली.

"धरा माझा हात. म्होरं पायरी हाय."

"दिसतीया मला. ही काय."

"ती पायरी न्हवं. लोकांच्या चपला हायेत त्या."

"...बरं. आण हिकडं हात."