पट्टा उसवलेल्या चपला

मेलेल्या माणसाची तब्येत कोण विचारतं, असं तुम्ही म्हणाल. सरकार विचारतं. माझा धाकटा भाऊ शामू घरातच गेला, त्यानंतर एक पोरगी वही घेऊन आली. तालुक्यात माणसं कशानं मरतात, याची ती पाहणी करत होती.

"आजोबा, त्यांना दम लागायचा का?"

"लागायचा. आडवं झालं की जास्तच. उशीवर उशी घ्यायचा."

"पायांवर सूज?"

"व्हय की. कापशी चपलेत पाय मावंना. शेवटी पट्टा उसवून घेतला."

"हृदयाचं दुखणं दिसतंय. वेळेत दाखवलं असतं, तर जगले असते."

"आमच्या घराण्यात दवाखान्याची पायरी कुणी चढलेलं न्हाय," मी ठणकावून सांगितलं.

ती वही मिटून उठली. उंबऱ्यापाशी मात्र थांबली. तिथं पट्टा उसवलेल्या चपला होत्या.

"त्यांच्या चपला अजून ठेवल्यात?"

"त्याच्या त्याच्यासंगट गेल्या. ह्या माझ्या हाईत."

ती माझ्या पायांकडं बघत राहिली. तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "बाई, जरा बसा. काल ह्यांनी दुसरी उशी मागितलीया."