आधी अभद्र, मग नारळ

जमलेल्या आया-बहिणींनो, पेठेतल्या थोर मंडळींनो, आन् बसण्णांच्या आई, आमच्या अव्वा. ह्या शोकसभेत मला बोलाय उभं केलंय. मी टेंभुर्णीचा सदाशिव. मुंबईच्या समुद्रात तेलाच्या रिगवर, म्हंजे विहिरी खोदायच्या जहाजावर, बसण्णांच्या संगट कामाला व्हतो. विहीर खोदायचं यंत्र माझ्या हातात असतंय. रडायचं ते काल रडून घेतलं. आज मी बसण्णांची फुशारकी मारनार हाय. कुनाला आवडो, न आवडो.

का, ते सांगतो. सकाळी अव्वांच्या घरी बसलो व्हतो. मागनं कुनीतरी कुजबुजलं, "जल्मभर अभद्रच बोलायचा की. शेवटी वास्तू तथास्तु म्हनली." अव्वांनी ते ऐकलं. मला इचारलं, "सदाशिव, माज्या लेकाला त्याची जीभच बाधली का रे?"  अव्वा, त्याचं उत्तर हितं देतो, सगळ्या भवानी पेठेच्या म्होरं.

बसण्णा अभद्र बोलायचे का? व्हय, बोलायचे! सरकारी शिक्का मारल्यागत ठणकावून बोलायचे. शिकलेले इंजिनेर, आन् कामच त्यांचं ते. समुद्राखालच्या विहिरीत काय बिघडंल, कुटं घात हुईल, हे आधी हुडकायचं.

आता ती विहीर म्हंजे काय? समुद्राच्या तळाला भोक पाडायचं. खाली वायू कोंडलेला, सोड्याच्या बाटलीगत. वरनं जड चिखल भरून त्याला दाबून ठेवायचा. तरी उसळला, तर भोकाच्या तोंडावर, पान्याच्या तळाशी, एक दांडगी लोखंडी झडप असती. आमी वर जहाजावर बटन दाबायचं, खाली झडप मिटायची. न्हाय मिटली तर? तर जहाज पेटतंय, मंडळी. चारी अंगाला पानी. पळनार कुटं?

नव्या विहिरीला नारळ फोडायची आमची रीत. नारळाच्या वक्ताला वाईट कोन बोलतंय का? बसण्णा बोलायचे. नारळ हातात धरून सगळ्यांना गोल बसवायचे. म्हनायचे, "एकेकानं सांगा, काय वाईट हुईल. सगळे बोलल्याबिगर नारळ फुटनार न्हाय. आन् जो गप्प बसंल, त्यानं कामावर यायचं न्हाय." आधी अभद्र, मग नारळ! पहिल्यांदा आमी कानावर हात ठेवले. मोठं साहेब चिडलं, "तुमी मानसांना घाबरवताय." बसण्णा हसले. "घाबरू द्या की, साहेब. घाबरलेला मानूस हात जपून टाकतो."

एकदा माझी पाळी आली. मला काय सुचंना. भूक लई लागलेली. कायतरी बोलून सुटायचं म्हनून मी म्हनलो, "वर बटन दाबलं आन् खाली झडप मिटलीच न्हाय तर?" सगळे हसले. बसण्णा हसले न्हाईत. नारळ खाली ठेवला. म्हनले, "चल, दाबून बघू."

दाबलं. झडप अर्धीच मिटली.

साहेब म्हनलं, एवढं चालतंय, काम थांबवू नका. बसण्णा त्याच्या म्होरं उभे राह्यले. "माझी सही मिळनार न्हाय," एवढंच बोलले. आवाज चढवला न्हाय, पन हलले बी न्हाईत. शेवटी झडप वर काढली. आत नळी फुटलेली. ती बदलली, परत खाली सोडली, परत दाबून बघितली. मग नारळ फुटला.

आन् पुढं त्याच विहिरीत वायू उसळला. चिखल कारंज्यागत वर आला. पायाखालचं डेक थरथराय लागलं. मी बटन दाबलं. खाली, त्या काळ्या पान्यात, झडप मिटली. पुरती मिटली! डेक शांत झालं. एकाला खरचटलं बी न्हाय. आमी एकमेकांच्या गळ्यात पडून नाचलो. आज बी आठवलं की छाती फुगती.

अव्वा, तुमी त्यांना कानडीत म्हनायच्या, "ओळ्ळेदु माताडो, बसू." चांगलं बोल, बाळा. ते आमाला लई कौतुकानं सांगायचे. आता माझं उत्तर ऐका. बसण्णा जे जे वाईट बोलले, त्यातलं आमच्यावर काय बी आलं न्हाय. वैनी सांगतात, छातीत कळ येत व्हती, हातानं चोळत बसायचे, पन इचारलं की "काय न्हाय" म्हनायचे. तेवढं एक वाईट ते बोलले न्हाईत. तेवढंच घडलं. दुपारी जेवून लवंडले, ते उठले न्हाईत. जीभ न्हाय बाधली, अव्वा. जिभेनं तर आमाला घरी आनलं. बाधलं ते गप्प बसनं.

रिगवरनं आलेल्यांनो, उभे राव्हा रे. मागं कोन बसलंय, तू बी ऊठ. अव्वा, मान वर करा. बघा यांच्याकडं. यातला एक बी आज हितं नसता. कुनाची बायको, कुनाची आई, आज अशीच जाजमावर बसली असती. ह्यो तुमच्या लेकाचा पराक्रम. ह्याला अभद्र म्हननाऱ्यानं म्होरं येऊन म्हनावं.

आता बाकीचे बी उभे राव्हा. बसण्णांच्या बैठकीत गप्प बसायला बंदी व्हती. आज पहिल्यांदाच, त्यांची परवानगी न घेता, सगळे मिळून गप्प राहू.