पयलं तेल

काय सांगू जी तुमाले, आमी मूळचे उमरखेडाकडले, बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार. मी दहावीत नापास झालो तं बाप म्हने आता घरी बसून काय अंडे देतो काय, अन् मले यवतमाळच्या एका जिनिंगात मामापाशी धाडून देलं. जिनिंग म्हंजे कापसातली सरकी येगळी, रुई येगळी करतेत ते. सुरवातीले मी गाड्या खाली करे, नाकातोंडात नुस्ती रुई.

तिथले मिस्त्री रहीमचाचा. मोठे तापट मानूस, पाना उलटा धरला का डोक्शात टपली. पन शिकवलं त्यायनंच. म्हने, मशीन पे हाथ रख, गरम लगा तो समझ पट्टी घिस रही. पट्टी म्हंजे रुईतून सरकी काढनारं धारेचं पातं. मले समजाले लई वर्सं लागले बाप्पा, लई. चाचा थकले तवा सेठले त्यायनंच सांगतलं, अब इसको दे दो. तवापासून मी मिस्त्री. कॉलेज नाई, आयटीआय नाई, पन आख्खं जिनिंग मले मिस्त्री म्हने, बायकोले मिस्त्रीनबाई म्हनत, तिले लई गोड वाटे ते.

दसऱ्याले हंगाम सुरू होये, मशीनीची पूजा होये. आमी बौद्ध, मी नारळ फोडत नसो, तं सेठ म्हने, नको फोडू बाबा, तू पयलं तेल टाक. मंग तशीच रीत पडली. नारळ सेठचा, पयलं तेल माह्यं. मी कुप्पी उचलल्याबिगर बटन कोनी दाबे नाई.

मंग ते खराब वर्सं आले. कापसाले भाव नाई, अळीनं बोंडं खाल्ले, लोकं सोयाबीनकडं वळले, गाड्या कमी कमी होत गेल्या, अन् एका दसऱ्याले सेठनं नारळच आनला नाई. म्हने मशीनी इकून टाकल्या, तू खोलून दे. मी इचारलं, कुठी बसवनार? म्हने, घेनाऱ्याले ठाऊक.

मले वाटलं, एवढी चांगली मशीन कोन फेकते, बसवतीनच कुठी ना कुठी, अन् बसवाले मलेच बोलावतीन. म्हून एक एक नट तेल लावून काढला, पुर्ज्यायवर खडूनं खुना केल्या, पट्ट्या पोत्यात गुंडाळल्या. बायको म्हने, सोताच्या लेकराचं एवढं केलं नाई तुमी. मंग ट्रक आला. हमालानं पोतं सोडलं अन् पट्टी वर फेकली. मी वरडलो, अबे धार जाईन! तो हासला, म्हने, काका, हे भंगारात चाललं. बिडाचा सांगाडा ट्रकात मावे ना, तं माह्यासमोर घनानं फोडला. मी तिथंच रडलो जी, सांगाले लाज कायची.

मंग यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या कारखान्यायत काम मांगत फिरलो. सगळे एकच पुसत, आयटीआय कुठून केलं? म्हतलं, रहीमचाचापासून. ते गेटाकडं बोट दाखवत.

आता जिनिंगाच्या जाग्यावर गोदाम हाय, मी तिथं चौकीदार. मिस्त्री कोनी म्हनत नाई. पोटापुरतं भेटते, चाललं. पोरगी पुसदले नर्सिंग शिकून राह्यली, तिच्या हाती तेवढा कागद येऊ दे, अन् तुमच्याबी लेकरायचं भलं होवो. औंदा दसऱ्याले बायकोनं कुप्पी काढून देली, म्हने घेऊन जा, घरी कायले ठेवता. गेलतो घेऊन. मशीन तं नाई. मंग गेटाच्या कब्ज्यात टाकलं तेल. लई कुरकुरे ते. आता नाई कुरकुरत.