म्हाळाचा घास

लिवा, लिवा — काय लिवायचं ते लिवा, पर कोंडीबाच्या तोंडचं म्हणून लिवू नगा. मी फाटकावरला म्हातारा. पाणी भरतो, कुलूप लावतो, आन् कोण आलं-गेलं त्यावर डोळा ठिवतो. पोरांच्या मनाचा अभ्यास म्हंता — मुंबैत काय मनं सरली व्हय, म्हणून सांगलीच्या अनाथाश्रमात आलासा? न्हाई, रागाला येऊ नगा. बसा. त्या दगडावर बसा, सावलीला. मोठ्या बाईंची चिठ्ठी हाय? मला वाचाया येत न्हाई, तवा तुमी चिठ्ठी दावा न्हाईतर तमाशाची जाहिरात दावा, मला दोनी सारखंच. मागं एक कासार आलता. पोरींना बांगड्या भरतो म्हणला. आन् पायात? पोलिसाचा बूट! पोरींचं मनगट बघायचं सोडून बापाची नावं इचारत हुता. तवापासनं मी आदी माणसाचं पाय बघतो. तुमचं? चप्पल हाय. बरं. चप्पल काय, कुणी बी घालतंय.

आन् तुमचं सवाल तरी काय वो! पोरं झोपंतनं दचकून उठत्यात का, कुणाला हाक मारत्यात, कुणाची वाट बघत्यात — हे मनाचं सवाल झालं? ह्येच फौजदार इचारतोय, फकस्त तो काठी आपटून इचारतोय. बेचाळीसपासनं वाळव्याकडली लय माणसं घरदार सोडून रानात हैत. कोण कुठं दडलंय ह्येच सरकारला पायजे. पर हितं तसलं काय न्हाई. हितं समदी बिनआईबापाची. अंजना बी. व्हय, ती खांबाला टेकून बसलीया, ती. आई तापानं गेली, बाप — बाप बी गेला. तापानंच. मीच आणली न्हवं तिला हितं, इस्लामपूरच्या अंगानं, माज्याच गावची.

बोलत न्हाई, व्हय. जेवत बी न्हाई धड. मग? बारा वर्साची पोर, रुसली आसंल. — काय? काय म्हणलासा? येड्यांच्या दवाखान्यात? आवं, थांबा की! ते पेन खाली ठिवा आदी. तिला येडी म्हणायचं काम न्हाई, सांगून ठिवतो. शाणी हाय ती, ह्या समद्यांत शाणी. आवसंपतुर ह्याच आंगणात दोरीवरनं उड्या मारत हुती, 'आजा, मिशीला तेल लाव, पार काथ्या झालाय' म्हणून मला चिडवत हुती. म्हाळाच्या आवसंला हितली पोरं आपापल्या मेलेल्यांच्या नावानं घास ठिवत्यात — त्या तितं, भिताडावर. हिनं आईचा ठिवला आन् दुसरं पान हातात घिऊन हुबी. ठिवंना. पोरं बघाय लागली, बाई बघाय लागल्या. मग मीच डोळं वटारलं — ठिव बापाच्या नावानं. न ठिवून भागतंय व्हय? लोक इचारतील की. ठिवलं तिनं. आईच्या पानाकडं कावळा फिरकला न्हाई, आन् बापाचं पान टेकतंय न टेकतंय तवर झडप! पोरगी पांढरीफट. तवापासनं गप. कावळा शिवला म्हंजी बाप गेला, आसं घेतलंय तिनं. सांगितलं की मी, लय सांगितलं — अगं, कावळ्याला भूक लागलीती, जित्या माणसाचा घास का मेलेल्याचा, त्याला काय ठावं! सांगावा येईल, जरा दम धर. पर आता दिवाळी तोंडावर आली, त्याचा सांगावा न्हाई, सांगावा आणणारी बाई बी फिरकली न्हाई, आन् माजं मला बी आता —

न्हाई.

कुणाचा सांगावा? मी कुठं म्हणलं जित्ता? कावळ्याचं बोलत हुतो मी. म्हातारा माणूस, ऊन लागलंय, काय बी बरळतो. आसं बघू नगा माज्याकडं. पेनाला टोपण का घातलंसा? लिवत न्हाई म्हंता? आन् दवाखान्याचं? ते बी न्हाई? समदी आसंच म्हंत्यात. तो कासार तर देवाची आण घेत हुता. — उठा. मिरजेची गाडी लागंल आता. द्या ती पिशवी हिकडं, मी येतो टेशनापतुर. सोबत कसली वो! तुमी गाडीत बसताय का फौजदाराकडं वळताय, ते बघाया येतोय. चला म्हंतो न्हवं. न्हाई, बरुबर न्हाई — फुडं चाला, माज्या म्होरं.