पाईपाला कुलूप

नाय शैलाताई, तुमच्याकडचं नेटचं मशीन चांगलंय — वायरच तोडलीय. जिन्यापाशी वायरी वर आणणारा पाईप हाय ना, त्याला कुलूप घातलंय. तुमच्या सोसायटीनं मोठ्या कंपनीशी करार केला — बिल्डिंगीत फक्त त्यांचीच वायर. व्हय, तुम्हाला विचारलं नाय. मला तरी कुठं विचारलं? एकोणीस वर्षं झाली पुंडलिकनगरात केबल चालवतोय, आता नेटबी — सई रांगत होती तुमची, तवा या घरात वायर मीच ओढली — आता तिचा नेटवरचा क्लास बंद पडला, मला कळत नाय का?

तक्रार? केली की. महापालिकेत गेलो. साहेब म्हनले, "खंडेराव, आम्ही रस्ता खोदायची परवानगी देतो, इंटरनेट दिल्लीचं काम." मग दिल्लीला लिहिलं — माझ्या पोरीनं, प्रेरणानं इंग्रजीत लिहून दिलं, की गिऱ्हाईक ज्याला बोलवंल त्याची वायर आत येऊ द्या, बस. चार महिन्यांनी उत्तर. काय? तर मामला स्थानिक हाय, महापालिकेला भेटा. परत गेलो. साहेबांनी कागद वाचला, चहा पाजला. चहाच पाजला.

कायदा पाहिजे, ताई — इथला नायतर तिथला, कुठला तरी. आधी तरी कुठं होता? नव्हता. पन तवा लई बरं चाललं होतं — म्हंजे, माझं. अप्पाराव आठवतो? माझ्याच गावचा, गंगापूरकडचा. इंटरनेट सुरू करतो म्हनला, तुझ्या वायरीवरून जाऊ दे, भाडं घे. मी म्हनलं, वायर माझी, गल्ली माझी. मग त्यानं स्वतःची ओढली, ती कुणीतरी — कुणीतरी कशाला — मीच कापली. भर दुपारी, शिडी लावून. त्याची बायको वच्छलाबाई खाली उभी. "भाऊ, आता आम्ही कुनाकडं जावं?" म्हनली. मी खाली बघितलंबी नाय. पुढच्या महिन्यात तो वाळूजला कंपनीत लागला. परवा शिफ्टच्या बसमधी दिसला, खिडकीत. मी हात केला. त्यानं बघितलं नाय. बघितलं असंल.

हे कुनाला बोललो नव्हतो. तुम्हाला कशाला सांगत बसलो काय माहीत.

ऐका, कंपनीचंच कनेक्शन घेऊन टाका. खरंच. पोरीची परीक्षा तोंडावर हाय, माझ्यासाठी थांबू नका. पाणी? नको. नाय, बसत नाय. द्या ते माझं मशीन इकडं — अन् दार लावून घ्या.